प्रोनची स्लिंग: मिल्ट्रीचा पट्टा, चप्पल लाइनीतलं चामडं आणि आता मी काय वापरतोय

एअर रायफल सोडून पॉइंट टू टू (५.६ एमएमची गोळी मारणारी रायफल) प्रोनला आलं की अंगाला लागणारी पहिली नवीन वस्तू म्हणजे स्लिंग, रायफलला जोडून अंगाला अडकवायचा पट्टा. १० मीटरला उभं राहून मारायचं असतं आणि तिथं स्लिंग चालतच नाही, त्यामुळं इतकी वर्षं एअर रायफल मारून पण मला त्या पट्ट्याचा प माहीत नव्हता. ५० मीटरला मात्र प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, आणि नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, स्लिंगशिवाय काय खरं नाही.

मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवालं मशिन चालवतो. सेकंड शिफ्ट असली की सकाळी रेंज, एवढाच माझा शूटिंगचा थाट. पण कोल्हापुरात राहून रायफलचा नाद लागला तर त्यात माझा काय दोष सांगा. २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ह्याच ५० मीटर प्रोनमध्ये, ६०० पैकी ५९७ मारून. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ आणलं, तेव्हापास्नं तर गल्लीतली पोरंसुद्धा मला थांबवून विचारतात, काका रायफलला परवाना लागतो का. (४.५ एमएमच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लागत नाही, पॉइंट टू टूला लागतो. मी रेंजवर क्लबची रायफल मारतो, घरी माझी स्वतःची एअर रायफल आहे.)

तर क्लबच्या रायफलबरोबर क्लबची स्लिंग पण मिळायची. कुणाकुणाच्या घामानं काळी पडलेली, भोकं ताणून लांबट झालेली, आज तिसऱ्या भोकात बसली म्हणून उद्या पण तशीच बसेल ह्याची गॅरंटी नाही. सर म्हणाले, जॅकेट, ग्लोव्ह आणि स्लिंग ह्या तीन गोष्टी दुसऱ्याच्या वापरायच्या नाहीत, स्वतःची बघ.

रात्री मोबाईल घेऊन बसलो. रायफल स्लिंग म्हणून टाकलं की सगळं टॅक्टिकल टॅक्टिकलच येतं. काळं, हिरवं, मातकट रंगाचं, जाड पॅडवालं, इलॅस्टिकवालं, बटण दाबून निघणाऱ्या कड्यांचं. दिसायला एक नंबर आणि स्वस्त पण. त्यात टू पॉइंट, सिंगल पॉइंट, थ्री पॉइंट असे प्रकार, आणि प्रत्येकाच्या खाली लिहिलेलं असतं की हीच सगळ्यात भारी. म्हणलं ऑर्डर मारण्याआधी दादाला विचारू. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, नेमका तेव्हा सुट्टीवर आला होता.

दादानं त्याची स्वतःच्या पैशानं घेतलेली टू पॉइंट स्लिंगच आणून दाखवली. पुढचं टोक रायफलच्या पुढं, मागचं टोक बटजवळ, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याजवळ, पट्टा मानेतनं आणि एका खांद्याखालनं. माझी एअर रायफल रिकामी आहे हे त्यानं आधी स्वतः उघडून बघितलं, मी सांगतोय त्यावर त्याचा इश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे. मग अंगणात करून दाखवलं. पट्ट्याला मध्ये एक फीत आहे, ती एका दिशेनं ओढली की रायफल छातीला चिकटते, उलटी ओढली की सैल होऊन थेट खांद्याला लावता येते. हात सोडले तरी रायफल अंगावरच. मागं फिरवली की पाठीवर, भिंत चढायला दोन्ही हात मोकळे. मावशी दारातनं ओरडली, अरे ते पोरगं जेवायला थांबलंय, तुमचं युद्ध आवरा.

सिंगल पॉइंटबद्दल विचारलं तर दादानं तोंडच वाकडं केलं. म्हणाला गाडीतनं चढ-उतार करायला, लहान हत्याराला ठीक आहे, पण हात सोडला की समोर लोंबकळती आणि पळताना नको तिथं आपटती. थ्री पॉइंटमध्ये पट्ट्यांची नुसती गुंतागुंत. त्याच्या मते ज्याला रायफल दिवसभर अंगावर वागवायची आहे त्यानं डोळे झाकून टू पॉइंट घ्यावी, पट्टा फार अरुंद नको नाहीतर मान कापती, कडी प्लॅस्टिकची नको, आणि इलॅस्टिक तर नकोच नको कारण चालताना रायफल वरखाली उड्या मारत बसते. शिवाय लोंबणारं जादा टोक कापून किंवा टेप लावून टाकायचं, ते नेमकं कशाततरी अडकतंय. हे सगळं त्यानं इतक्या प्रेमानं सांगितलं की मी त्याची स्लिंग लावून तिथंच अंगणात सतरंजीवर पालथा पडलो.

आणि दोन मिनिटांत कळलं की ही वस्तूच वेगळ्या कामाची आहे. मागचं टोक बटला अडकवलेलं, त्यामुळं पुढं हातानं ताण दिला की बट खांद्यातनं निसटायला बघतंय. दंडाला गुंडाळून घेतली, मिल्ट्रीत तशी पण घेतात, पटकन आधार मिळतो आणि उभ्या-बसल्या फायरला बराच फरक पडतो, पण पालथं पडून तासभर तसंच राहायचं तर गुंडाळी सरकत राहते. त्यात ती पटकन सैल होणारी फीत. दादाला जी सोय पाहिजे तीच मला नको होती, कारण माझा पट्टा पहिल्या गोळीपासून साठाव्या गोळीपर्यंत केसभर पण सरकता कामा नये. दादा हसायला लागला, म्हणाला आम्हाला समोरचा माणूस लागला तरी काम झालं, तुम्हाला टिकलीच्या मधोमध भोक पाडायचंय. खोटं नाही. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि त्याच्या आतला इनर टेन ५ मिलिमीटरचा, म्हणजे ५.६ च्या गोळीपेक्षा बारीक.

नियमांचा पण प्रश्न होताच. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, नियमात स्लिंग रुंदीला जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, उजव्या हातानं मारणाऱ्याला डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूनं, आणि तिथनं रायफलच्या पुढच्या भागाला फक्त एकाच ठिकाणी जोडलेली पाहिजे. मनगटाच्या एकाच बाजूनं गेली पाहिजे. बटाला काहीही नाही. म्हणजे टू पॉइंट स्लिंग मॅचमध्ये तशीही बाहेर. माझं तर मत असं झालंय की रायफल वागवायचा पट्टा आणि रायफल धरायचा पट्टा ही दोन वेगळी हत्यारं आहेत, दोन्ही कामं एकातच होतात म्हणून जे विकतात ते दोन्हीकडं अर्धंच काम करतात.

मग प्रोनची स्लिंग कुठली घ्यायची. दोनच जाती, चामड्याची नाहीतर सिंथेटिक. परदेशी चांगल्या कंपनीची सिंथेटिक मागवायची तर पैसे आणि वाट बघणं दोन्ही आलं. सर म्हणाले ब्रँड सोड, दोन्ही टोकं धरून ओढून बघ, जी ताणत नाही ती घे. आता चामडं म्हणल्यावर कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यात काय येणार? चप्पल लाइन. तिथल्या एका ओळखीच्या दुकानदारानं सुभाषनगरातल्या एका कारागीर मामांकडं पाठवलं.

मामा चष्मा नाकावर घेऊन खाली बसलेले, पुढ्यात रापी, आरी, पाण्यात भिजत घातलेलं कातडं. मी मोबाईलवर फोटो दाखवला तर म्हणाले हा तर कुत्र्याचा पट्टा आहे. मी सगळं समजावलं, दंडावर ताण कसा येतो ते त्यांच्याच हाताला दोरी बांधून दाखवलं. मग मात्र माणूस रंगात आला. म्हशीचं कातडं पुढं ओढलं, त्यावरनं अंगठा फिरवत म्हणाले हे बघा, पोटाकडचं घेतलं तर मऊ लागंल पण आठवड्यात लांब होईल, तुम्हाला पाठीच्या कण्याच्या कडेचं पाहिजे, आणि कापायचं पण लांबीत, आडवं नाही. दोन्ही ठिकाणचा एकेक तुकडा माझ्या हातात दिला आणि ओढा म्हणाले. पोटाकडचा तुकडा खरंच रबरासारखा आला, पाठीचा जागचा हलला नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्याचा तो वास अख्ख्या घरात.

रुंदी ३८ ठेवली, दोन मिलिमीटर हातचे राखून. भोकांवरनं मात्र आमची जुंपली. मामांच्या हिशोबानं कमरेच्या पट्ट्याला असतात तशी इंच-इंचावर भोकं बास झाली. मला १० मिलिमीटरवर पाहिजे होती, कारण प्रोनमध्ये एका भोकाचा फरक म्हणजे पूर्ण पोझिशनचा फरक. मामा म्हणाले इतकी जवळ भोकं पाडली तर फाटंल. शेवटी कंपनीत पत्र्याचं टेम्प्लेट काढलं आणि भोकं दोन ओळींत एकाआड एक तिरकी घेतली, म्हणजे एका ओळीत २० चं अंतर राहतंय आणि मला १० चं मिळतंय. टेम्प्लेट बघून मामा खूश, म्हणाले ते इथंच ठेवून जावा. भोकांना नंबर पंच केले १ ते १५. एकदा नंबर असले की सरांशी बोलताना थोडं आवळलं थोडं सोडलं हा प्रकार बंद, सातवरनं आठवर गेलो एवढंच सांगायचं.

निघताना मामांनी दोन गोष्टी बजावल्या. चपलेला लावतात तसं ह्याला तेल लावायचं नाही, मऊ पडून वाढंल. आणि वापरायच्या आधी वजन टांगून ठेवायचं, जेवढं ताणायचंय तेवढं आधीच ताणू दे. घरी सोप्यातल्या हुकाला स्लिंग अडकवली आणि खाली दहा किलोचा गुळाचा रवा बांधला. सकाळी बायको उठली तर पट्ट्यावरनं मुंग्यांची लाइन लागलेली. त्यावर जे बोलणं खाल्लं ते इथं लिहीत नाही, पण पट्टा ताणला, आणि नंतर बराच काळ तेवढाच राहिला.

आता वापरायचं.

लोकांना वाटतं स्लिंग म्हणजे रायफल आवळून धरायची. तसं नाही. रायफलचं वजन तळहातावर येतं, तिथनं मनगट, मनगटातनं कोपर, कोपर मॅटवर. सगळं हाडावरनं जमिनीत. पट्टा फक्त तो हात उघडू देत नाही. स्नायूनं काही करायचंच नाही, डावा हात मेल्यागत पाहिजे, बोटं पण मिटायची नाहीत. सर मागनं येऊन माझी बोटं हलवून बघायचे, कडक लागली की टपली.

सुरुवातीला मी पट्टा दंडाच्या मधोमध घेत होतो कारण तिथं जास्त घट्ट वाटायचं. साईटमधनं बघितलं तर नेम धरायची रिंग आपली टक टक टक हलतीय. म्हणलं श्वास रोखायला चुकतंय. सरांनी मनगटावर बोट ठेवलं आणि तोंडानं ठोके मोजायला लागले, रिंग नेमकी त्याच तालावर. दंडाच्या आतल्या बाजूनं रक्तवाहिनी जाते, पट्टा तिच्यावर बसला की हृदयाचा ठोका थेट रायफलला. पट्टा वर, खांद्याच्या गोलाईच्या खाली नेला, बकल आतनं फिरवून बाहेरच्या बाजूला आणलं आणि ठोका बराचसा गेला. पूर्ण जात नाही कधीच, सकाळी रेंजवर जायच्या आधी दोन कप चहा झाला असला तर अजिबात जात नाही. पट्टा वर टिकायला जॅकेटच्या बाहीला बाहेरनं एक हुक असतो, नियमानं असा एकच चालतो, त्यात अडकवायचा म्हणजे घसरून खाली येत नाही.

नंतरचं दुखणं म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. हे मला वाटलं सगळ्यांनाच होतंय आणि सहन करायचं असतंय. सर म्हणाले थोडा ताण, थोडं दुखणं चालतंय, मुंग्या आल्या की उठायचं. बघितलं तर हँडस्टॉप (रायफलच्या खालच्या रेलवर बसणारा, पुढचा हात अडवणारा ठोकळा, पट्टा तिथंच जोडतात) फार मागं होता, त्यामुळं तळहात त्यावर वेडावाकडा दाबला जात होता आणि पट्टा मनगटाच्या मागच्या हाडावर रुतत होता. हँडस्टॉप रेलवर थोडा पुढं सरकवला, पट्टा एक भोक सोडला, जाड ग्लोव्ह घेतला (तो पण नियमानं १२ मिलिमीटरच्या आतच), आणि बोटं परत माझी झाली. पण हँडस्टॉप पुढं नेला की पोझिशन खाली बसते हे लक्षात ठेवायचं, फार खाली गेलात तर हाताचा जमिनीशी ३० अंशांचा कोन राहात नाही आणि मॅचमध्ये ज्युरी येऊन सांगतात उठा. थोडक्यात हँडस्टॉप, भोक नंबर आणि बटाची लांबी ही तिन्ही एकमेकांच्या पायात पाय घालून चालतात, एकावेळी एकच बदलायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. आम्हाला मशिनवर ऑफसेट (मापातली दुरुस्ती) असाच शिकवलाय, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं फरक पडला ते ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही.

स्लिंग बरोबर बसली का ह्याच्या दोन परीक्षा. एक, पोझिशन घेतल्यावर उजवा हात ग्रिपवरनं काढायचा. रायफल खांद्यात तशीच राहिली तर बरोबर, बट निसटलं तर पट्टा सैल. दुसरी, टार्गेटवर साईट घेऊन डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, अंग सोडून द्यायचं, मग डोळे उघडायचे. काळं वर्तुळ रिंगेच्या मधोमध असलं तर उत्तम, आणि नसलं, आणि बहुतेक वेळा नसतंयच, तर हातानं रायफल ढकलून मधे आणायची नाही. डावं कोपर खिळा ठोकल्यागत जागेवर ठेवायचं आणि कमरेतनं अंग डावीउजवीकडं सरकवायचं, वरखालीसाठी अंग जरा पुढंमागं. हातानं ढकलून मारलेली गोळी कधी दहात जाईल पण, पण पुढची जाणार नाही, कारण दाबलेला स्नायू थकतो आणि रायफल परत आपल्या मूळ जागी जाते.

ह्यासाठी गोळ्या जाळायची गरज नाही, आणि पॉइंट टू टूच्या गोळ्यांचे भाव बघता परवडत पण नाही. मी कंपनीत अॅल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यातनं माझ्या एअर रायफलच्या रेलला बसेल असा छोटा ठोकळा केला, त्यात हँडस्टॉप बसवला, आणि सोप्यात मॅट टाकून समोरच्या भिंतीवर काळा ठिपका. रायफल रिकामी आहे बघायचं, पोरांना आत पाठवायचं, मग ड्राय, म्हणजे गोळीशिवाय सराव. डोळे मिट, उघड, सरक. लेकानं विचारलं पप्पा झोपलाय का, तर दिसायला तसंच आहे ते.

एवढं सगळं बसलं आणि जून उजाडला. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे काय ते इथल्याला सांगायला नको, घरातली पापडाची डबी पण मऊ पडते. रेंजवर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा घोळका, खाली यायला लागला. नऊच्या घरात, घड्याळातल्या सहाच्या बाजूला, एक सोडून एक. मी साईटला क्लिक देत राहिलो, तरी पुढच्या दहा गोळ्यांत परत खाली. शेवटी घरी पट्ट्याला स्टील टेप लावली तर लांबी वाढलेली, आणि वरनं पांढरी बुरशी. ओल धरलं की चामडं ढिलं पडतं, ताण कमी झाला की रायफलचं तोंड खाली जातं, गोळी खाली. मामांना दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, कातडं हाय, ते पावसाळ्यात पाणी पिणारच, तुमच्या बंदुकीसाठी ते निसर्ग सोडंल व्हय.

म्हणून मग सिंथेटिक घेतली, बाहेरची, पैसे साठवून. आतनं न ताणणारी पट्टी, दंडाला लागते तिथं रबरी अस्तर. हातात घेतली तर जीव नाही त्या वस्तूत, पहिले काही दिवस दंडावर कडक काचायची. पण पाऊस असो, घाम असो, पाच नंबर म्हणजे पाच नंबर. माझ्या कोल्हापुरी अभिमानाला लागलं जरा, पण मॅचला आता तीच लावतो. मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला जॅकेट, पँट, ग्लोव्ह सगळं तपासतात, रुंदी ४० च्या आत आहे म्हणल्यावर स्लिंगचं तिथं काही अडत नाही. मामांची चामड्याची घरी ड्रायला आणि हिवाळ्यात रेंजवर, आणि आरामाच्या बाबतीत अजून पण तीच वर आहे, दंडाला जी बसलीय ती बसलीय. कुणाला करून घ्यायची असली तर दिवाळीनंतर करा, जाताना स्वतःचं शूटिंग जॅकेट घालून माप द्या, नुसत्या शर्टावर माप दिलं तर जाड बाहीवर पट्टा पुरत नाही.

प्रोन ऑलिंपिकमधनं २०१६ च्या रिओनंतर गेलं, म्हणून बरेच जण थेट थ्री पोझिशन धरतात. मला पण सरांनी आता नीलिंगला बसवलंय. तिथं हँडस्टॉपची जागा वेगळी, भोक वेगळं, आणि उजव्या घोट्याखाली घ्यायच्या रोलची, म्हणजे गोल उशीची, भानगड वरनं. मॅचमध्ये नीलिंग आधी, मग प्रोन, मग स्टँडिंग, आणि स्टँडिंगला तर स्लिंग काढूनच ठेवायची. बदलाबदलीत गडबड नको म्हणून रेलवर पांढऱ्या मार्करनं दोन रेघा मारल्यात, एकीशेजारी न आणि दुसरीशेजारी प्र. प्रचं भोक ठरलंय, नचं अजून आठ का नऊ चाललंय.